चार नंबरचा रंधा आणि एकातून एक निघालेले दोष

रंधा टेबलावर ठेवल्या ठेवल्या तिने तक्रारी सांगायला सुरुवात केली. "काका, हा थरथरतो. चार-पाच हात मारले की तोंड तुंबतं. लाकूड मधे मधे उचकटतं. आणि काम करता करता पातं आपोआप मागे सरकतं." बरोबर सागवानाची एक फळी आणली होती, ६० सेंटीमीटर लांब आणि १४ सेंटीमीटर रुंद. पेटीच्या झाकणासाठी निवडलेली. रेषा देखण्या, पण सरळ नाहीत. फळी उजेडाकडे तिरपी धरली तेव्हा तिच्या बोलण्याचा पुरावा समोर आला. दोन-तीन मिलिमीटरवर एक अशा आडव्या बारीक लाटा होत्या, आणि मधल्या भागात दोन ठिकाणी तंतू मुळातून उपटल्यासारखे खरखरीत खड्डे.

ती वर्षभर माझ्याकडे सुतारकाम शिकते आहे. धार लावायला बसली की मनासारखी झाल्याशिवाय उठत नाही. त्यामुळे तिने रंधा बिघडलाय म्हटल्यावर मी ते गांभीर्याने घेतलं.

रंधा लोखंडी, बेली पद्धतीचा, चार नंबर. जुना, आधी कुणीतरी भरपूर वापरलेला. पातं ५० मिलिमीटर रुंद, ४५ अंशांत बसणारं. लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराने १८६० च्या दशकात ही रचना घडवली. १८६९ मध्ये त्याची पेटंटं स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीने घेतली, आणि पुढे जगभर याच रचनेच्या नकला निघत राहिल्या. हे प्रकरण मी इतक्या तपशिलात लिहितो आहे त्याचं कारणही तेच आहे. तुमच्याकडचा लोखंडी रंधा कुठल्याही बनावटीचा असला तरी इथे आलेले भाग बहुधा त्याच जागी सापडतील.

भागांची नावं आधी सांगतो. पातं ज्या तिरप्या ओतीव ठोकळ्यावर टेकतं तो फ्रॉग. तो दोन स्क्रूंनी रंध्याच्या अंगाला आवळलेला असतो, आणि ते सैल केले की पुढे-मागे सरकतो. पुढे सरकला की तोंड, म्हणजे पात्यासमोरची फट, लहान होते. पात्याच्या सपाट बाजूवर स्क्रूने जोडलेली दुसरी पट्टी म्हणजे कॅप आयर्न. पुढे मी तिला नुसतं वरची पट्टी म्हणेन. या दोघांना फ्रॉगवर दाबून धरणारी, खटका असलेली ती लिव्हर कॅप. मागचं पितळी चाक पातं खाली-वर करतं, आणि आडवा हलणारा दांडा पात्याची धार तळाशी समांतर आणतो.

काहीही न सोडवता

रंधा खोलण्याआधी तो जसा आला तसाच चालवून पाहायचा, हा माझा नियम आहे. एकदा सुटा करून पुन्हा जोडला की दोषाचं रूप बदललेलं असतं, आणि मग मूळ दोष कोणता होता ते कळायला मार्ग उरत नाही.

फळीवर चार हात मारले. छिलका सलग आलाच नाही. तुटक, चुरगळलेला, आणि पाचव्या हाताला तोंडात गच्च बसलेला. मग काहीही न बदलता तोच रंधा सरळ रेषांच्या पाइनच्या तुकड्यावर चालवला. इथे उचकटणं पूर्ण थांबलं. थरथर कमी झाली, पण हाताला जाणवत होती. तुंबणं मात्र जसंच्या तसं राहिलं.

या एका तुकड्याने बरंच सांगितलं. उचकटणं लाकडाच्या उलटसुलट रेषांशी बांधलेलं होतं, म्हणून सरळ रेषांत ते दिसलं नाही. तुंबण्याला लाकडाशी देणंघेणं नव्हतं, तो दोष सर्वस्वी रंध्याचा. आणि थरथर कठीण लाकडात वाढत होती, म्हणजे आत काहीतरी अधांतरी किंवा सैल होतं आणि जोर वाढला की ते हलत होतं.

माझा पहिला संशय धारेवर होता. सागवानात सिलिका असते आणि ती धार लवकर खाते, त्यामुळे सागवानाची फळी दिसली की धारेकडे बोट दाखवायची सवय लागते. पातं काढून भिंगाखाली पाहिलं, कोपरे पाहिले, सपाट बाजूवरची चकाकी थेट धारेपर्यंत पोहोचते का ते पाहिलं. शेवटी पाइनच्या आडव्या टोकावर, जिथे तंतूंची तोंडं वर येतात तिथे, पातं हाताने चालवलं. बोथट पातं तिथे तंतू चुरडतं आणि पांढुरके डाग सोडतं. या पात्याने स्वच्छ, चमकणारा काप दिला. धार उत्तम होती. यात अर्धा तास गेला, पण धारेचा प्रश्न कायमचा मिटला.

पातं काढण्याआधी एक गोष्ट खटकली होती. आडवा दांडा पार एका कडेला ढकललेला होता. "हा असा का?" मी विचारलं. "तसा ठेवला नाही तर उजवा कोपराच जास्त खोल जातो," ती म्हणाली. पातं चौकोनी घासलेलं असेल आणि फ्रॉग सरळ बसलेला असेल तर दांडा साधारण मधे राहायला हवा. पात्याला गुण्या लावला, धार बरोबर काटकोनात होती. मग तिरकस काय होतं? हा प्रश्न मी कागदावर लिहून ठेवला.

आधी काय झालं?

त्यानंतर मी रंधा बाजूला ठेवला आणि तिला विचारलं, "हे सगळं एकाच दिवशी सुरू झालं का?"

ती जरा थांबली. "नाही. आधी फक्त उचकटत होतं. आणि पातं थोडं सरकायचं, ते पहिल्यापासून."

मग आम्ही क्रम लावला. लाकूड उचकटू नये म्हणून तोंड अरुंद करावं, असं तिने ऐकलं होतं. त्यासाठी तिने फ्रॉग पुढे घेतला. उचकटणं किंचित कमी झालं, पण छिलके अडकायला लागले. त्यांना वाट मिळावी म्हणून तिने वरची पट्टी धारेपासून जवळजवळ दोन मिलिमीटर मागे घेतली. तुंबणं थांबलं नाही, उलट उचकटणं पूर्वीसारखं परतलं. याच सुमारास थरथर लक्षात आली. थरथर म्हणजे काहीतरी सैल, असा विचार करून तिने लिव्हर कॅपचा स्क्रू घट्ट आवळला. त्याने पातं सरकणं कमी झालं, पण थांबलं नाही, आणि पितळी चाक मात्र बोटांनी फिरेना. शेवटी तळच सपाट नसेल असं वाटून काचेवर एमरी पेपर लावून, पाणी घालून, दोन संध्याकाळ तिने तळ घासला.

यातली एकही कृती वेडेपणाची नव्हती, हे मला आवर्जून सांगायचं आहे. प्रत्येक सल्ला कुठल्यातरी परिस्थितीत बरोबर असतो. अडचण एवढीच झाली की एक उपाय लागू पडला नाही तेव्हा तो मागे घेतला गेला नाही, त्याच्यावर दुसरा चढवला गेला. त्यामुळे टेबलावर आलेल्या चार तक्रारींपैकी दोन, थरथर आणि तुंबणं, या उपायांतूनच जन्मलेल्या होत्या. मूळ दोष दोनच होते, उचकटणारं लाकूड आणि सरकणारं पातं.

म्हणून कामाचा क्रम ठरला. आधी उपाय मागे घ्यायचे, रंधा साध्या अवस्थेत आणायचा, आणि मग मूळ दोषाला हात घालायचा. तळाला सगळ्यात शेवटी हात लावायचा, कारण तिथलं गेलेलं लोखंड परत येत नाही.

फ्रॉगखाली काय होतं

बेली रचनेत पात्याला दोन ठिकाणी आधार मिळतो. वर फ्रॉगच्या उतारावर, आणि अगदी खाली तोंडाच्या मागच्या कडेवर, जी त्याच उतारात घासलेली असते. फ्रॉगचा उतार आणि ही कड एका पातळीत असतील तर पातं जवळजवळ धारेपर्यंत टेकलेलं राहतं. फ्रॉग पुढे गेला की खालचा आधार सुटतो. मग पात्याचा शेवटचा काही मिलिमीटरचा भाग अधांतरी लोंबतो. या रंध्यांचं पातं दोनेक मिलिमीटर जाडीचंच असतं. कठीण लाकडात जोर आला की ते किंचित वाकतं, खोल रुततं, मग छिलका तुटला की उसळून परत येतं, पुन्हा रुततं. फळीवरच्या आडव्या लाटा म्हणजे याच रुतण्या-उसळण्याचा माग. तिच्या रंध्यात फ्रॉग बराच पुढे होता. थरथरीचं अर्धं उत्तर इथेच मिळालं.

उरलेलं अर्धं फ्रॉग उचलल्यावर दिसलं. खाली राखाडी, सुकलेला, चिवट थर होता. तळ घासताना निघालेलं लोखंड, एमरीचे कण आणि पाणी यांची ती राड. पातं काढलेलं होतं पण फ्रॉग जागेवरच होता, त्यामुळे ते पाणी तोंडातून वर शिरलं आणि फ्रॉगच्या बैठकीत जाऊन वाळलं. उजव्या स्क्रूजवळ जुन्या रंगाचा एक फुगीर थेंबही होता. फ्रॉग परत नुसता ठेवून कोपऱ्यावर बोट दाबलं तर तो डुलत होता. स्क्रू आवळल्यावर डुलणं थांबायचं, पण फ्रॉग एका अंगाला कललेला राहायचा. आडवा दांडा कडेला का ढकलावा लागत होता, त्या प्रश्नासमोर मी खूण केली.

साफसफाईला फार हत्यारं लागत नाहीत. पितळी ब्रश, रॉकेल, आणि रंगाचा थेंब खरवडायला जुन्या पात्याचा तुकडा. त्यानंतर फ्रॉगच्या तळाला मार्करची शाई लावली, तो जागेवर ठेवून मिलिमीटरभर पुढे-मागे घासला आणि उचलून पाहिला. जिथे लोखंड लोखंडाला टेकतं तिथली शाई पुसली जाते. पहिल्यांदा चारपैकी तीनच जागा टेकल्या होत्या. चौथ्या जागेवर राडेचा एक खडा राहिला होता. तो काढल्यावर चारही टेकल्या. इथे कानस हातात घ्यायचा मोह होतो. तो आवरावा. बैठक घाण असते, वाकडी क्वचितच असते.

फ्रॉग परत बसवताना छोटी पोलादी पट्टी उतारावर आडवी ठेवून ती तोंडाच्या मागच्या कडेवरही टेकते का ते पाहिलं. दोन्ही पृष्ठभाग एक झाले तिथे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला तर फ्रॉग फिरतो. आता पातं कामाच्या खोलीवर आणलं तर समोरची फट दीडेक मिलिमीटर दिसत होती.

"एवढं मोठं तोंड?" तिचा चेहरा उतरला. "मग तर अजूनच उचकटेल."

वरची पट्टी

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

लाकूड उचकटतं ते धार बोथट असते म्हणूनच नव्हे. रेषा जिथे खाली, फळीच्या पोटात शिरतात तिथे पातं तंतूंना कापण्याआधी उचलतं. उचललेला छिलका पाचरीसारखं काम करतो आणि चीर धारेच्या पुढे पळते, तीही रेषेच्या दिशेने, म्हणजे खाली. मग कधीतरी छिलका वाकून तुटतो आणि मागे खड्डा राहतो. म्हणजे प्रश्न असा की ती पळणारी चीर कशी रोखायची.

एक वाट म्हणजे छिलका उचललाच जाऊ नये म्हणून धारेच्या अगदी पुढे लाकूड दाबून धरायचं. अरुंद तोंडाची पुढची कड हे काम करते, पण फट छिलक्याच्या जाडीइतकी लहान असेल तेव्हाच. फट त्याहून बरीच मोठी असली तर लाकूड दाबलं जात नाही, फक्त छिलक्याची वाट अडते. दुसरी वाट म्हणजे पातं अधिक उभं करायचं, ५० ते ६० अंश. एकेरी पात्याच्या जुन्या लाकडी रंध्यांत या दोनच वाटा होत्या, आणि तोंड अरुंद करण्याचा सल्ला तिथूनच चालत आलेला आहे.

तिसरी वाट जोडपात्याने, म्हणजे पातं आणि वरची पट्टी यांच्या जोडीने दिली. अठराव्या शतकात ती रुळायला लागली. १७६७ साली फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल कॅरदर्सच्या जाहिरातीत जोडपात्याचे रंधे आढळतात. वरची पट्टी धारेच्या अगदी जवळ असेल तर छिलका निघताक्षणी तिच्या कपाळावर आपटतो आणि पुढे ढकलला जातो. त्यामुळे तो तंतू उचलू शकत नाही, चिरेला पुढे पळायला जोर मिळत नाही. जपानमधल्या यामागाता विद्यापीठातल्या कातो आणि कावाई यांनी हे प्रत्यक्ष कापताना जवळून चित्रित करून दाखवलं. पट्टी मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांपर्यंत जवळ आणि तिची कड पुरेशी उभी असेल, तर उलट्या रेषांतही पृष्ठभाग स्वच्छ निघतो. पट्टी दोन मिलिमीटर मागे असेल तर या कामापुरती ती नसल्यातच जमा.

आणि याच ठिकाणी दोन उपाय एकमेकांच्या आड येतात. पट्टी जवळ असली की छिलका वाकून सरळ वर उभा राहतो आणि त्याला जागा लागते. तोंड अरुंद असेल तर तो समोरच्या कडेवर अडकतो. म्हणजे पट्टी जवळ हवी तर तोंड मोकळं हवं. तिने नेमकं उलट जोडलं होतं, अरुंद तोंड आणि धारेपासून लांब पट्टी. हे समजावून सांगितल्यावर ती दीड मिलिमीटरच्या फटीकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागली.

पण नुसती पट्टी जवळ आणून भागलं नसतं, कारण मोकळं तोंड असतानाही तुंबण्याचं एक कारण बाकी होतं. पातं आणि पट्टी जोडलेल्या अवस्थेत उजेडासमोर धरली. डाव्या कोपऱ्याशी दोघांच्या मधून उजेडाची केसासारखी रेघ दिसली. एवढी फट पुरेशी असते. छिलक्याचं टोक तिच्यात शिरतं, मागून येणारा छिलका त्याच्यावर चढतो आणि बघता बघता तोंड भरतं. पाइनवरही रंधा तुंबत होता तो यामुळे.

पट्टीची खालची कड सहाणेवर घासून घेतली. यात एक बारकावा आहे. पट्टी सहाणेवर सपाट ठेवून घासायची नाही. तिचं मागचं टोक सहाणेच्या पातळीपेक्षा थोडं खाली लोंबतं ठेवायचं, म्हणजे फक्त पुढची बारीक कड झिजते आणि पात्यावर नेमकी तीच टेकते. मागचा भाग आधी टेकला तर पुढे फट राहणारच. दहा-बारा फेऱ्या, मग उजेडात पाहणं, पुन्हा काही फेऱ्या. उजेड पूर्ण बंद होईपर्यंत. त्यानंतर पट्टीच्या वरच्या कडेला साधारण ५० अंशांचा छोटा उभा उतार दिला आणि तो चामड्याच्या पट्ट्यावर चकचकीत केला, कारण छिलका याच जागेवरून घसरत वर जातो. मूळ गोलसर कपाळ दिसायला छान असतं, पण छिलक्याला पुरेसं अडवत नाही.

पट्टी बसवताना मी तिलाच करायला लावलं. पट्टी जवळपास योग्य जागी आणून स्क्रू हलका आवळायचा, मग मागून बोटाने किंवा छोट्या हातोडीने टिचकी मारत पुढे न्यायची. धारेपुढे पात्याची जी चमकती रेघ दिसते ती दोन-तीन केसांच्या जाडीची राहिली पाहिजे. स्क्रू शेवटचा आवळताना पट्टीचा बाक सपाट होतो आणि ती स्वतःच आणखी थोडी पुढे सरकते, म्हणून थोडं मागे राहूनच थांबायचं. पहिल्या दोन वेळा पट्टी धारेच्या पलीकडे गेली. तिसऱ्यांदा जमलं. पात्याची धार तिने अगदी किंचित गोल ठेवली होती, कोपरे उठू नयेत म्हणून, आणि ती गोलाई इतकी कमी होती की कोपऱ्यांवर पट्टी धारेपुढे येत नव्हती. धार जास्त गोल असलेल्या पात्याला पट्टी इतकी जवळ लावताच येत नाही.

स्क्रू, चाक आणि सरकणारं पातं

लिव्हर कॅपचं काम पटकन झालं. खटका अंगठ्याने दाबून बसला पाहिजे आणि तो बसलेला असतानाही पितळी चाक दोन बोटांनी फिरलं पाहिजे. तिचा स्क्रू याहून जवळजवळ पूर्ण एक फेरा जास्त आवळलेला होता. अशा अवस्थेत चाक जबरदस्तीने फिरवलं तर आतला दुबेळक्याच्या आकाराचा काटा मोडू शकतो, आणि अनेक रंध्यांत तो ओतीव लोखंडाचा असतो. स्क्रू सैल केला, चाकाच्या आट्यांना तेलाचा एक थेंब दिला.

पातं सरकण्याचं मूळ मात्र घट्टपणात नव्हतंच. चाक आणि काटा यांच्यामधे नेहमी थोडी मोकळीक असते, जुन्या रंध्यात अर्ध्या फेऱ्याहून जास्तही. चाक मागे फिरवून खोली कमी केली आणि तिथेच थांबलं, तर ती सगळी मोकळीक पात्याच्या पाठीमागे उरते. लाकडाचा जोर आला की पातं तेवढं मागे जातं. उपाय म्हणजे शेवटची हालचाल नेहमी पातं बाहेर काढण्याच्या दिशेने करायची. खोली कमी करायची असेल तर आधी गरजेपेक्षा जास्त मागे घ्यायचं आणि मग पुढे आणत आणत हवं तिथे थांबायचं. "एवढंच?" ती म्हणाली. एवढंच.

तळ

आता तळ पाहिला. सरळ पट्टी लांबीत धरली तर तोंडाजवळचा भाग टेकत होता आणि दोन्ही टोकांना उजेड. तळ बाहेरून फुगीर झाला होता. काचेवर लांबलचक हात मारताना रंधा टोकांशी डुलतो, टोकांवर जास्त झीज होते, त्यामुळे हातानं घासलेले तळ बहुतेकदा असेच होतात. पातं काढून, लिव्हर कॅपचा ताण नसताना घासलं की अंदाज आणखी चुकतो, कारण ताण असताना रंध्याचं अंग अगदी थोडं वेगळं बसतं. पातं आत ओढून पण खटका लावूनच तळ घासायचा असतो.

फीलर गेजचं, म्हणजे फटी मोजायच्या पातळ पोलादी पानांच्या संचातलं, ०.०५ मिलिमीटरचं पान दोन्ही टोकांना आत जात होतं, ०.१० चं जात नव्हतं. माझं मत असं पडलं की आधी रंधा चालवून पाहावा आणि मगच ठरवावं. खोलगट तळ त्रास देतो, कारण पातं लाकडापासून दूर उचललेलं राहतं. एवढ्या फुगीरपणाने साधा गुळगुळीतपणा बिघडत नाही.

फळी पुन्हा व्हाइससमोर आली. पातं पूर्ण आत घेतलं, मग रंधा हलता ठेवूनच चाक पुढे पुढे फिरवत नेलं, पहिला छिलका निघेपर्यंत. लाकडाची एक पातळ चिपाटी धारेच्या डाव्या आणि उजव्या टोकावरून हाताने ओढून पाहिली, दोन्हीकडे सारखीच लागली. आडवा दांडा या वेळी जवळजवळ मधे होता.

पहिला सलग छिलका वळला नाही. सरळ वर उभा राहिला आणि फितीसारखा हातावर येऊन पडला. वरची पट्टी काम करते आहे याची हीच खूण. पट्टी फार जवळ असती तर छिलका पंख्याच्या घड्यांसारखा चुण्या पडून आला असता आणि ढकलायला जास्त जोर लागला असता. पट्टी लांब असती तर तो नेहमीसारखा गोल वळला असता. आडव्या लाटा तिसऱ्या हातातच नाहीशा झाल्या. तोंड तुंबलं नाही. उचकटलेल्या दोन जागांपैकी एक दहा-बारा हातांत साफ झाली, तीही त्याच दिशेने ज्या दिशेने आधी उचकटत होती.

फळीच्या दोन्ही टोकांना मात्र शेवटच्या तीन-चार सेंटीमीटरवर पातं जास्त खोल जात होतं, कारण तिथे रंधा फुगीर तळावर पुढे-मागे झुलत होता. म्हणजे तळाचं काम करावं लागणारच होतं. फुगीर तळ लांब कागदावर घासला तर तो आणखी फुगतो. म्हणून काचेवर रंध्याच्या लांबीच्या निम्म्याहून लहान एमरी पेपर चिकटवला, तळावर मार्करने तिरप्या रेघा मारल्या आणि फक्त तोंडाजवळचा भाग त्यावर ठेवून आखूड हातांनी घासला. दर दहा फेऱ्यांनी पुसणं आणि सरळ पट्टी लावून पाहणं. या वेळी फ्रॉगभोवती सुकं फडकं कोंबून ठेवलं होतं आणि पाणी वापरलं नाही. पाऊण तासात ०.०५ चं पान दोन्ही टोकांना आत जाईनासं झालं. तिथे आम्ही थांबलो. तळ आरशासारखा करायची गरज नसते. पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढचा भाग आणि मागचं टोक एका पातळीत आले की पुरे. शेवटी तळावर मेण फिरवलं.

दुसरी उचकटलेली जागा एका लहान गाठीशेजारी होती. तिथे रेषा तीन दिशांनी फिरतात, आणि पट्टी आणखी जवळ घेऊनही चिमूटभर खरखर राहिली. ती जागा पोलादी स्क्रेपरने काढली. त्यासाठी रंध्याशी झगडत बसण्यात अर्थ नव्हता.

जाण्याआधी तिने फ्रॉगच्या कडेला, रंध्याच्या अंगावर टोकदार खिळ्याने एक बारीक रेघ ओढून घेतली, फ्रॉग आत्ता जिथे आहे ती जागा दाखवणारी. आणि वहीत तारीख घालून तीन आकडे लिहिले: तोंड दीड मिलिमीटर, पट्टी पाव मिलिमीटरच्या आत, लिव्हर कॅपचा स्क्रू पूर्ण आवळून मग सैल केलेले फेरे. खाली एक रकाना रिकामा ठेवला, पुढच्या बदलासाठी.